दूध घालणाऱ्याचं मांजर

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये भरली होती. लिफ्टच्या देखभालीचा करार, टँकरची बिलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे विषय तासाभरात उरकले. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ पुकारले गेले, तसे पहिल्या मजल्यावरचे एक काका उठले. पिशवीतून त्यांनी स्कूटरच्या सीटचं कव्हर काढलं आणि टेबलावर पसरलं. नखांच्या उभ्या-आडव्या चिरा पडलेल्या, आतला फोम चिकटून आलेला.

“दिवाळीनंतरचं हे दुसरं कव्हर,” ते म्हणाले. “तुमच्या मांजराने फाडलेलं.”

ते तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे बघत होते. तिथल्या वहिनी लगेच म्हणाल्या, “अहो काका, ते आमचं नाहीच. ते येतं आणि जातं.”

“येतं कशासाठी? तुम्ही दूध घालता म्हणूनच ना?”

“दारात येऊन मुकं जनावर ओरडत बसतं. हाकलून देऊ का?”

“मग तुमचा चिंटू ‘सोनी, सोनी’ करून हाका कुणाला मारतो?”

थोडा हशा झाला, पण तो टिकला नाही. तळमजल्यावरच्या आजींनी कुंड्यांचं गाऱ्हाणं मांडलं. तुळशीच्या मातीत मांजर घाण करून जातं, त्या तुळशीच्या मंजिऱ्या देवाला कशा वाहायच्या? पाचव्या मजल्यावर सून गरोदर होती. तिच्या सासूबाईंना कुणीतरी मोबाइलवर मजकूर पाठवला होता, मांजरामुळे गर्भ पडतो असा. कुणाला जिन्यातला उग्र वास सहन होत नव्हता, कुणाची रात्री दोन वाजता बोक्यांच्या भांडणाने झोपमोड होत होती. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, “एक माणूस आहे माझ्या ओळखीचा. फोन केला की येतो, गोणीत घालून नेतो. कुठे नेतो ते आपण विचारायचं नाही.” पुढच्या रांगेत बसलेल्या दोन शाळकरी मुलींचे डोळे भरून आले. चिटणिसांनी इतिवृत्तात एक ओळ लिहिली, ‘मांजरांचा बंदोबस्त करण्यात यावा’, आणि सभा संपली.

या लेखाच्या निमित्ताने पुणे, ठाणे आणि डोंबिवलीतल्या सोसायट्यांमध्ये चौकशी केली, तेव्हा ही ओळ थोड्याफार फरकाने सगळीकडे ऐकायला मिळाली. बंदोबस्त व्हावा हे सर्वांना मान्य असतं, तो कुणी करायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं. कारण मांजर कुणाचं, याचंच उत्तर कुणी देत नाही. कुत्रा पाळणारा माणूस ‘हा माझा कुत्रा’ म्हणतो, पट्टा धरून चालतो, परवाना काढतो. मांजर मात्र चार घरी दूध पितं, तीन घरी झोपतं, दोन नावांना ओ देतं, आणि तक्रार आली की एकाही घरचं नसतं. शेजारच्या मांजराविषयीची बहुतेक भांडणं या अर्धवट मालकीतून उगवतात. मांजर त्यात सर्वांत कमी दोषी असतं.

मांजर मोकळं पाळण्याची आपली रीत निष्काळजीपणातून पडलेली नाही. घरात धान्याच्या कणग्या होत्या, माळ्यावर शेंगांची पोती होती, गोठ्यात पेंढा होता. उंदीर हे घरावरचं खरं संकट होतं. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातलं, त्यानंतरच्या वर्षांत इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अँड्र्यू बुकॅनन या डॉक्टरांनी प्लेग रोखायचा तर घरोघर मांजरं पाळावीत असा आग्रह धरला होता. ज्याचं काम रात्री माळ्यावर, परड्यात, खळ्यावर असतं त्याला कोंडून ठेवणार कसं? ताटातला दूधभात आणि चुलीशेजारची ऊब, एवढ्यावर ते घराशी बांधलेलं असायचं. व्यायलेली मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. पिल्लं कुणाच्या कपाटात सापडली म्हणून कुणी तक्रार करत नसे. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हा धाक आमच्या आजीच्या पिढीत खरा होता. त्या धाकाने कितीतरी मांजरं वाचली असतील.

त्याच काळातली दुसरी रीतही सांगितली पाहिजे. मांजरं फार झाली की त्यांना गोणपाटात घालायचं आणि नदीपलीकडे किंवा मासळी बाजारात सोडून यायचं. ‘तिथे त्यांना खायला मिळतं’ अशी मनाची समजूत असे. पण अनोळखी जागी सोडलेलं मांजर खाण्याआधी तिथल्या बोक्यांशी आणि कुत्र्यांशी गाठ पडून संपतं, नाहीतर घर शोधत निघतं आणि रस्ता ओलांडताना जातं. मागे उरलेल्या जागेत, खरकटं तेच असल्यामुळे, महिन्या-दोन महिन्यांत नवी मांजरं येतात. सभेतल्या त्या गृहस्थांचा ‘ओळखीचा माणूस’ म्हणजे ही जुनीच रीत, आता पैसे देऊन केलेली.

वाडे गेले, कणग्या गेल्या. धान्य पाच किलोच्या बंद पिशवीत येतं. मांजराचं काम संपलं, मोकळीक मात्र तशीच राहिली. परड्याच्या जागी पार्किंग आलं, खळ्याच्या जागी दुसऱ्याचं टेरेस आणि माळ्याच्या जागी बाथरूमची डक्ट. पूर्वी मांजराने फिरायचा जो परिसर होता तो बहुतेक आपलाच किंवा भाऊबंदांचा असे. आता त्याच परिसरात शंभर कुटुंबं राहतात.

परिसर किती, याचं उत्तर अलीकडे मिळालं आहे. अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ रोलंड केज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस पट्टे बांधून त्यांचा माग काढला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेक मांजरं घरापासून १०० मीटरच्या आतच वावरताना दिसली. हा आकडा युरोप-अमेरिकेतल्या बैठ्या घरांच्या वस्तीत फारसा त्रासाचा नाही. पण पुण्यातल्या सदाशिव पेठेत किंवा डोंबिवलीत घराभोवती १०० मीटरचं वर्तुळ काढून पाहा. त्यात किती दारं, किती गच्च्या, किती स्कूटर येतात! आपलं मांजर ‘लांब कुठे जात नाही’ असं मालक सांगतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. लांब जावं लागतच नाही, शेजारी तिथेच असतो.

आता तक्रारींकडे एकेक करून पाहू, कारण त्यातल्या निम्म्याअधिक एकाच उपायाने मिटतात आणि तो उपाय मालकाच्या हातात आहे.

जिन्यातला वास बोक्याच्या मुताचा असतो. वयात आलेला बोका शेपटी ताठ उभी करून भिंतीवर, दारावर, गाडीच्या चाकावर फवारा मारतो आणि आपली हद्द ठरवतो. रात्रीचं ओरडणं माजावर आलेल्या मांजरीचं आणि तिच्यासाठी भांडणाऱ्या बोक्यांचं. दोन्ही गोष्टी स्वभावाच्या नाहीत, संप्रेरकांच्या आहेत. बोक्याचं खच्चीकरण केलं की दहापैकी जवळपास नऊ बोके फवारे मारणं सोडतात किंवा फारच कमी करतात. वासाचा उग्रपणाही उतरतो, भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतात. मांजरीची अंडाशयं काढली की माज थांबतो, मग तिच्या मागे येणारे बाहेरचे बोकेही येईनासे होतात.

कोथरूडमधल्या एका पशुवैद्यक बाईंशी बोलत बसले होते, तेव्हा त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून हिशेब दाखवला. मांजर साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात माजावर येते. गाभण राहिली की ६३ ते ६५ दिवसांत विते. एका वेताला तीन ते पाच पिल्लं. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे जानेवारीत जिच्यापुढे दुधाची बशी ठेवली, तिची पिल्लं दिवाळीच्या आत स्वतः आई झालेली असतात. “लोक माझ्याकडे पिल्लं घेऊन येतात आणि विचारतात, ही कुणाला देता येतील का,” त्या म्हणाल्या. “मी विचारते, आई कुठे आहे? म्हणतात, ती आमची नाही, ती नुसती येते. मग मी सांगते, पिल्लं ठेवा इथे आणि आधी आईला घेऊन या.”

हा हिशेब चार भिंतींच्या आतही चुकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतली बातमी सगळीकडे गाजली. एकाच फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं होती, दुर्गंधीने आणि आवाजाने शेजारी हैराण झाले होते, आणि अखेर महापालिकेला ती मांजरं हलवण्याची नोटीस काढावी लागली. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर तो चेष्टेचा विषय झाला. मला ते वाचून वाईट वाटलं, शेजाऱ्यांसाठी आणि त्याहून अधिक त्या मांजरांसाठी. इतकी मांजरं एका घरात असली की एकालाही नीट खाणं, जागा, औषध मिळत नाही. माया होती असं धरलं तरी नुसत्या मायेने मांजर सांभाळलं जात नाही.

गरोदर सुनेच्या सासूबाईंची भीती निराधार नव्हती, पण तिचं टोक चुकीच्या दिशेला होतं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदरपणात त्याचा पहिल्यांदाच संसर्ग झाला तर गर्भाला धोका असतो, हे खरं. मात्र मांजर हा परजीवी आयुष्यभर टाकत राहत नाही. उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन त्याला लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे टाकतं. शिवाय ताज्या विष्ठेतून लागण होत नाही. बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घरात राहणाऱ्या, शिजवलेलं किंवा तयार खाद्य खाणाऱ्या, ज्याच्या शी-शूची ट्रे रोज साफ होते अशा मांजरापासून धोका फार थोडा. ते साफसफाईचं काम गरोदर बाईने करू नये, दुसऱ्याने करावं, एवढी काळजी पुरते. खरा धोका उघड्यावरच्या विष्ठेचा असतो. तिथून परजीवी मातीत मिसळतो आणि ओलसर मातीत महिनोन् महिने टिकतो. कुंडीत हात घालणारी आजी, वाळूत खेळणारं मूल, न धुतलेली कोथिंबीर यांच्यापर्यंत तो असा पोहोचतो. आरोग्याच्या दृष्टीने पाहिलं तर सोनी तिसऱ्या मजल्यावर घरात राहिली तर पाचव्या मजल्यावरच्या सुनेला धोका कमी, बाहेर हाकलली तर जास्त.

रेबीजच्या बाबतीत मात्र हयगय नको. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्रा आठवतो, पण मांजराच्या चाव्यातून आणि ओरखड्यातूनही तो होऊ शकतो. मांजराचे सुळे बारीक असतात. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि खोल जाते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणि मांजर तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घेणं, पुढे ठरल्या वेळी पुन्हा टोचणं, हे मालकाचं काम आहे. बाहेर फिरणारं मांजर रात्री कुणाशी भांडून आलं हे त्याचा मालकही सांगू शकत नाही.

लसीचा दुसरा फायदा मांजरालाच. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार पिल्लांमध्ये पसरला की दोन-तीन दिवसांत अख्खं वेत जातं. ज्यांनी हे घरात पाहिलं आहे ते पुन्हा ‘लस काय द्यायची, मांजर ते मांजर’ असं म्हणत नाहीत.

पाखरांबद्दल कुणी तक्रार करत नाही, म्हणून मी करते. मांजर पोट भरलेलं असलं तरी शिकार करतं. अमेरिकेत मांजरं दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातली बहुतेक शिकार बेवारस मांजरांची होती. पण आपल्याकडे बेवारस आणि पाळीव यांच्यातली रेघ कुठे आहे? टेरेसवरच्या जास्वंदीत घरटं करणारा शिंजीर, कुंडीआड उतरणारा दयाळ, जेमतेम उडायला शिकलेलं बुलबुलाचं पिल्लू, ही सगळी त्याच १०० मीटरांच्या आत असतात.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांचा प्रश्न आपण शाळेत शिकलो. इंग्लंडमधल्या एक्सिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी ती बांधून पाहिली. २०२१ च्या त्या अभ्यासात घंटेने शिकार घटल्याचं ठळकपणे दिसलं नाही. उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. ज्या घरांत भरपूर मांस असलेलं खाद्य दिलं, तिथली मांजरं घरी आणत असलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. ज्या घरांत माणसांनी रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी पिसाच्या काठीने शिकारीचा खेळ खेळला, तिथे २५ टक्क्यांनी घटली. दूधभातावर वाढलेल्या आपल्या मांजरांसाठी हे महत्त्वाचं आहे. मांजर मूळचं मांसाहारी जनावर आहे, आणि मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. आपण प्रेमाने बशी भरतो आणि ते भुकेलंच बाहेर पडतं.

काही देशांनी या प्रश्नावर कायदा केला आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, १ जुलै २०२२ किंवा त्यानंतर जन्मलेलं मांजर मालकाने आपल्या घरात किंवा आवारातच ठेवलं पाहिजे. जर्मनीतल्या वाल्डोर्फ या गावाने त्याच वर्षी तुरेवाल्या चंडोलाच्या विणीच्या काळात, ऑगस्टअखेरपर्यंत, गावाच्या एका भागातली मांजरं घरात ठेवायचा आदेश काढला. इंग्लंडमध्ये मांजर मोकळं फिरणं लोकांना अजूनही स्वाभाविक वाटतं, तरी १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला मायक्रोचिप बसवणं सक्तीचं झालं. मांजर बाहेर गेलं तरी ते कुणाचं हे कळलंच पाहिजे, असा त्यामागचा विचार.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २०२२ च्या अखेरीस मांजर पाळण्यासाठी परवाना लागू केला. वर्षाला ५० रुपये. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, मांजरावरही कर का, म्हणून. मला तो निर्णय योग्य वाटला आणि अजूनही वाटतो. नोंद झाली की मांजर ‘येतं आणि जातं’ असं राहत नाही, त्याच्या लसीचा कागद निघतो, आणि शेजाऱ्याला कुणाचं दार वाजवायचं हे कळतं. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये भटक्या मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलं, तेही गरजेचं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर भटक्या कुत्र्यांवर देशभर चर्चा झाली. मांजर त्या चर्चेत कुठेच नव्हतं.

कायदा दोन्ही बाजूंना लागू आहे, हे सोसायट्यांच्या सभांमध्ये सांगायला हवं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची योग्य काळजी घ्यायची आहे. मालकाने त्याला उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याची उपासमार होईल अशा जागी सोडून देणं हाही गुन्हा आहे. या कायद्यातली शिक्षा मात्र तेव्हाचीच राहिली: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. पण विष घालणं, मारून टाकणं, अपंग करणं याचा विचार वेगळा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गोणीवाल्याला बोलावणाऱ्या सभासदाने हे वाचलेलं बरं. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हेही भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. फाटलेल्या सीटची भरपाई मागायची तर दिवाणी मार्ग मोकळा आहे, पण तिथेही पहिला प्रश्न तोच: मांजर कुणाचं?

शेजाऱ्यांना वाट पाहत बसायची गरज नाही. मांजराला भुसभुशीत, कोरडी माती खणायला आवडते. कुंडीतल्या मातीवर नारळाच्या करवंट्यांचे तुकडे किंवा मोठे खडे पसरले, किंवा कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी कापून बसवली की ते दुसरी जागा शोधतं. स्कूटरवर जाड रेक्झिनचं आच्छादन घालायचं आणि ते खालून ओढून बांधायचं. जिथे फवारा मारला गेला आहे ती जागा फिनेलने पुसून भागत नाही, आपल्याला फिनेलचा वास येतो आणि बोक्याला खालचा वास येतच राहतो. मुताचा वास मोडणारं एन्झाइमचं द्रावण पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं, ते वापरायचं. थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या, इंजिनाच्या उबेला मांजर बसलेलं असतं. दारापुढे लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवून काही होत नाही. आणि डांबराच्या गोळ्या कुंड्यांत टाकू नका. त्या मांजरासाठी विषारी आहेत, आणि रांगत्या मुलाच्या तोंडात गेल्या तर त्याच्यासाठीही.

दार वाजवायला जायचं तर रागाच्या भरात जाऊ नये, आणि शक्यतो एकट्याने, संध्याकाळच्या चहाच्या वेळी जावं. सोसायटीच्या मोबाइल गटावर फोटो टाकून नाव घेतलं की समोरचा माणूस ‘आमचं नाही’ म्हणतोच. त्याला तसं म्हणण्यावाचून दुसरा रस्ताच आपण ठेवलेला नसतो.

मालकाचं काम याहून मोठं आहे. फ्लॅटमधलं मांजर घरातच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर फिरण्याची सवय असलेल्या मांजराला आत राहायला शिकवायला काही आठवडे लागतात. पहिले दिवस ते दारापाशी ओरडतं, आणि त्या दिवसांत घरच्यांचा निश्चय ढळतो. तोवर त्याला चढायला उंच जागा, ओरबाडायला सुतळी गुंडाळलेला खांब, खिडकीशी बसायला फळी आणि रोजचा खेळ द्यावा लागतो. मांजरं जितकी तितक्या ट्रे आणि वर एक जादा. महागड्या वाळूवाचून अडत नाही, वखारीतला लाकडाचा भुसाही चालतो, फक्त तो रोज साफ झाला पाहिजे. खिडक्यांना आणि गॅलरीला कबुतरांसाठी बसवतात तशी पण भक्कम जाळी हवी. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, या समजुतीवर विसंबू नये. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यकांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी तपासल्या. उपचार केलेल्यांपैकी नव्वद टक्के वाचली, पण छातीला मार, फाटलेला टाळू, तुटलेले पाय या दुखापती घेऊन.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात: नसबंदी, लस आणि नोंद. हे करणार नसाल तर बशी ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. भुकेल्या जनावरापुढे अन्न ठेवणं हा माणसाचा चांगुलपणा आहे, तो आटू नये. पण ज्या दिवशी आपण रोज त्याच वेळी बशी ठेवू लागतो, त्या दिवसापासून ते मांजर आपलं असतं, शेजाऱ्याच्या स्कूटरसकट.

सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत पुढे बऱ्याच गोष्टी घडल्या, काही घडायच्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सोनीची शस्त्रक्रिया करून घेतली, तिच्या नावे परवाना काढला आणि खिडक्यांना जाळी बसवली. त्यांच्या सासूबाईंचा घरात ट्रे ठेवायला विरोध होता. शेवटी बाथरूमशेजारच्या बाल्कनीत ती ठेवण्यावर तडजोड झाली. काकांच्या सीटचे पैसे त्यांनी देऊ केले, काकांनी ते घेतले नाहीत. तळमजल्यावरच्या आजींनी करवंट्या पसरल्या. पाचव्या मजल्यावरची सून बाळंतपणासाठी माहेरी गेली.

पण सीट फाडणारी सोनी नव्हतीच, असं आता वॉचमन सांगतो. मागच्या फाटकापाशी एक करडा बोका राहतो, त्याच्या अंगावर भांडणाच्या जखमा आहेत. चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ त्याला रोज रात्री मासळीची मुंडकी घालतात. ‘मी फक्त खायला घालतो,’ असं ते सुरुवातीला सांगत होते. समितीने शस्त्रक्रियेचा खर्च उचलायचं कबूल केलं, एका संस्थेने पिंजरा दिला, पण दोन रात्री लावूनही बोका त्याच्या जवळ फिरकला नाही. तो एकाच माणसाच्या हाताला येतो. अखेर त्या गृहस्थांनीच होकार दिला. “पिंजऱ्यात मी बसवतो त्याला,” ते म्हणाले, “पण ऑपरेशननंतर चार-पाच दिवस त्याला ठेवायला कोरडी जागा द्या, आणि जखम भरल्यावर त्याला इथेच सोडायचं.” पंप हाउसशेजारची खोली रिकामी करून दिली आहे. डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची वेळ दिली आहे. आदल्या रात्री मात्र बोक्याला मुंडकी घालायची नाहीत, कितीही ओरडला तरी.